साखर गोड, विहीर खारट

गाळपाचा हंगाम आटोपला की साखर कारखान्यांत हिशेबाचे दिवस सुरू होतात. किती टन ऊस गाळला, उतारा किती पडला, साखरेची किती पोती गोदामात गेली, आसवनीतून किती लिटर मद्यार्क निघाला, सहवीजनिर्मितीतून किती युनिट वीज विकली गेली, या साऱ्यांचे आकडे वार्षिक अहवालात छापले जातात आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखवले जातात. ते योग्यच आहे, कारण सहकाराचा पाया हिशेबावरच उभा असतो. मात्र या अहवालांत एक रकाना सहसा आढळत नाही. उसाबरोबर शेतातून कारखान्यात आलेले क्षार शेवटी गेले कोठे, हा तो रकाना होय. कारखान्याच्या वहीत त्याची नोंद नसली तरी आसपासच्या विहिरींच्या पाण्यात ती होत असते, आणि ती वाचण्याची वेळ शेतकऱ्याच्या घरातील माणसांवर व गोठ्यातील जनावरांवर येते.

ऊस जमिनीतून पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड शोषून घेतो. रस काढताना हे सारे रसाबरोबर येते. रस शुद्ध करण्यासाठी वापरलेला चुना आणि गंधक यांची त्यात भर पडते. साखर वेगळी झाली की क्षार मळीत उरतात आणि मळी आंबवून मद्यार्क काढला की ते मागे राहिलेल्या काळपट तपकिरी, उग्र दर्पाच्या, आम्लधर्मी सांडपाण्यात उरतात. ‘स्पेंटवॉश’ हा त्याचा इंग्रजी शब्द आता कारखान्यांच्या परिसरातील प्रत्येक गावाला पाठ झाला आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार होतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम पदार्थ विरघळलेले असतात, तर स्पेंटवॉशमध्ये हे प्रमाण ८० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असते. त्यात सेंद्रिय द्रव्ये मोठ्या प्रमाणात असली तरी लिटरमागे ५ ते १२ ग्रॅम पोटॅशियम आणि ५ ते ८ ग्रॅम क्लोराइड असू शकते. दररोज ३० हजार लिटर मद्यार्क काढणाऱ्या मध्यम आकाराच्या आसवनीचा विचार केला, आणि लिटरमागे दहा लिटर सांडपाणी धरले, तर रोज तीन लाख लिटर स्पेंटवॉश आणि त्याबरोबर दीड ते साडेतीन टन पोटॅशियम बाहेर पडते. हे सारे प्रथम जाते ते साठवण तलावात. लोकभाषेत त्याला ‘लगून’ म्हणतात.

खरा प्रश्न या तलावापाशी सुरू होतो. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा नेमके काय झालेले असते, हे समजून घेतले पाहिजे. स्पेंटवॉशमधील सेंद्रिय द्रव्य जिवाणूंच्या साहाय्याने कुजवून त्यापासून बायोगॅस मिळवता येतो. त्यामुळे सांडपाण्याची प्राणवायू शोषून घेण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात कमी होते आणि कारखान्याला इंधनही मिळते. हे तंत्र उत्तम आहे. परंतु पोटॅशियम आणि क्लोराइड कुजत नाहीत. बायोगॅसच्या टाकीत ते जेवढे गेले जवळपास तेवढेच बाहेर येतात. तलावातील पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. गाळणाऱ्या पडद्यांतून पाणी दाबाने पार केले तर एका बाजूला स्वच्छ पाणी मिळते आणि दुसऱ्या बाजूला अधिक तीव्र खारे पाणी उरते. यास्तव क्षारांच्या बाबतीत प्रक्रियेचा अर्थ इतकाच, की ते एका जागेवरून दुसऱ्या जागी गेले. ती दुसरी जागा कोणती, हे ज्या कारखान्याला दाखवता येत नाही त्याची प्रक्रिया अपुरी आहे.

हे गणित केवळ आसवनीपुरते नाही. लोणच्यासाठी कैरी वा काकडी मिठाच्या पाण्यात मुरवणारे उद्योग, मासळी खारवणारे कारखाने, चीज बनवणाऱ्या दुग्धशाळा या सर्वांच्या सांडपाण्यात मीठ असते आणि ते साठवण्यासाठी त्यांनाही तळी लागतात. अन्नाशी संबंधित उद्योग म्हणून त्यांच्याकडे सौम्य नजरेने पाहिले जाते. रसायनांच्या कारखान्याचे नाव काढले की गाव सावध होते. लोणच्याच्या कारखान्याची कोणाला भीती वाटत नाही. पण घरच्या स्वयंपाकात चवीपुरते पडणारे मीठ टनांच्या हिशेबाने एकाच जागी जमिनीत मुरू लागले, तर ती जमीन आणि तिच्याखालचे पाणी त्याला अपवाद करत नाही.

महाराष्ट्राची भूरचना लक्षात घेतली तर या धोक्याचे गांभीर्य अधिक कळते. राज्याचा सुमारे ८० टक्के भूभाग बेसाल्टच्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे. या पाषाणात वाळूप्रमाणे सर्वत्र पाणी मुरत नाही. ते मुरमाच्या थरातून, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांतून आणि कठीण खडकाच्या भेगांतून वाट काढते. आपल्या विहिरी याच वरच्या थरांत खोदलेल्या असतात. काळ्या मातीतून पाणी झिरपत नाही, म्हणून तळ्याला वेगळे अस्तर कशाला, असा समज अजूनही ऐकू येतो. ओली काळी माती पाणी अडवते, हे खरे. पण हीच माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, हे शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. हंगाम संपून तळ्याचा काठ उघडा पडतो तेव्हा त्या काठाचेही तेच होते.

झिरपलेले सांडपाणी खाली जाताना जे करते ते डोळ्यांना दिसत नाही. त्यातील सेंद्रिय द्रव्य मातीतील प्राणवायू संपवते. मग मातीत घट्ट बसलेले लोह आणि मँगनीज विरघळून पाण्यात उतरतात. कुजण्याच्या क्रियेतून निघालेला कर्बवायू पाण्यात मिसळून खडकातील चुना विरघळवतो. सांडपाण्यातील पोटॅशियम चिकणमातीला चिकटते आणि त्याच्या बदल्यात माती आपल्याजवळचे कॅल्शियम व मॅग्नेशियम सोडून देते. परिणामी तळ्यात पोटॅशियम असते, पण विहिरीत मात्र पाणी जड होऊन बसते; डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. क्लोराइडला तर माती अडवतच नाही, ते पाण्याबरोबर थेट पुढे जाते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोतच नसेल तर १००० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. लिटरमागे सहा ग्रॅम क्लोराइड असलेला एक लिटर स्पेंटवॉश वीस लिटर निर्मळ पाण्यात मिसळला, तरी ते सारे पाणी इष्ट मर्यादेच्या बाहेर जाते. हेच पाणी उपसून पिकाला दिले की पिकाच्या मुळाशी क्षार उरतात आणि पुढच्या पाण्याबरोबर पुन्हा विहिरीकडे परततात. अशा रीतीने विहीर आणि शेत दोघेही एकमेकांना खारट करत राहतात.

या नुकसानीचा पुरावा देणे मात्र कठीण असते. पाणी भेगांतून वाहत असल्यामुळे तळ्यापासून दूरची एखादी विहीर बिघडते आणि जवळची चांगली राहते. मग त्या चांगल्या विहिरीकडे बोट दाखवून बिघडलेल्या विहिरीच्या मालकाला खोटे ठरवता येते. खतांचा अतिरेक, पाण्याचा अतिउपसा, गावचे सांडपाणी अशी इतर कारणेही पुढे केली जातात आणि ती सर्वस्वी निराधार असतात असेही नाही. परंतु कारखाना येण्यापूर्वी पाणी कसे होते याची नोंदच नसेल, तर कोणाचा वाटा किती हे ठरणार कसे? प्रयोगशाळा शेतकऱ्याकडे नसते, भूगर्भतज्ज्ञ त्याच्याकडे नसतो आणि वकिलाचे शुल्क त्याला परवडत नाही. त्यातच तो बहुधा त्याच कारखान्याचा सभासद असतो. त्याचा ऊस वेळेवर तोडला जाणे त्याच कार्यालयाच्या हाती असते. तक्रारीचा अर्ज देण्यापूर्वी त्याला आपल्या उभ्या उसाचा विचार करावा लागत असेल, तर त्याच्या मौनाला संमती समजणे हा निव्वळ अन्याय होय.

कायदा नाही म्हणून हे घडते, असे कोणी म्हणू शकणार नाही. जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन केले. देशाचा कायदा त्यानंतर १९७४ मध्ये आला. त्या केंद्रीय कायद्याने भूगर्भातील पाण्यालाही ‘प्रवाहा’च्या व्याख्येत स्थान दिले आणि प्रदूषक द्रव्य विहिरीत वा जमिनीवर सोडण्यास मनाई केली. २००३ मध्ये उद्योगांच्या पर्यावरणीय उत्तरदायित्वाची जी सनद केंद्राने आखली, तिच्यात मळीवर चालणाऱ्या आसवनींनी आपला स्पेंटवॉश पूर्णपणे वापरात आणावा, असे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी २००५ अखेरची मुदत होती. म्हणजे नियमांना दोन दशके उलटून गेली आहेत. त्या काळात अनेक कारखान्यांनी मोठी गुंतवणूक करून चांगली यंत्रणा उभी केली, याची नोंद घेतली पाहिजे. पण जे प्रामाणिकपणे खर्च करतात त्यांचा माल आणि जे रात्रीच्या अंधारात ओढ्याचा वापर करतात त्यांचा माल बाजारात एकाच भावाने विकला जातो. नियमाची ढिलाई अशा प्रकारे सज्जनालाच दंड करते.

भूजल एकदा बिघडले की न्यायालयाचा निकालही ते लवकर सुधारू शकत नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावाचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. तेथील कारखाने अन्नाचे नव्हते, रसायनांचे होते. परंतु त्यांच्या गाळामुळे गावोगावच्या विहिरींचे पाणी बिघडले, ती वाट मात्र हीच होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘प्रदूषण करणाराने भरपाई द्यावी’ हे तत्त्व या प्रकरणात लागू केले. हा निकाल भारतीय पर्यावरण कायद्यात मैलाचा दगड मानला जातो. तरीही शुद्धीकरणाच्या खर्चाच्या वसुलीसाठी २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा कठोर आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे म्हणजे एका पिढीचे बालपण. त्या काळात विहिरीतील पाण्याने निकालाची वाट पाहिली नाही.

श्रीमंत देश यातून सुटले आहेत, असाही भ्रम नको. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे मध्य खोरे हे शेती आणि अन्नप्रक्रियेचे मोठे केंद्र आहे. तेथील हिलमार चीज कंपनी खारट सांडपाणी जमिनीवर सोडत असे. त्यातील क्षारांनी घालून दिलेली मर्यादा ओलांडली म्हणून तेथील जल नियामक मंडळाने २००५ मध्ये ४० लाख डॉलरचा दंड प्रस्तावित केला. २००६ मध्ये ३० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि तिचा एक भाग म्हणून अन्नप्रक्रिया उद्योगातील खारेपणाच्या अभ्यासासाठी पैसा द्यावा लागला. त्या सुमारास संपूर्ण खोऱ्यातील क्षारांचा विचार एकत्रितपणे करण्याचा प्रयत्नही सुरू झाला. अमेरिकेने केले म्हणून भारताने करावे, असे म्हणण्याचे कारण नाही. घ्यायचा तो बोध एवढाच, की चीज खाणाऱ्यांच्या देशातही मिठाने आपला गुणधर्म सोडलेला नाही आणि तेथेही अखेर खोऱ्यात किती क्षार आले व किती बाहेर गेले याचा हिशेब मांडण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

आज हा विषय तातडीचा झाला आहे तो इथेनॉलमुळे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने २००३ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम सुरू केला. २०१४ नंतर त्याला वेग आला आणि २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला गेला. परदेशी तेलावरील अवलंबन कमी करणारा, ऊस व मका पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पैसा देणारा हा राष्ट्रीय उपक्रम आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु मळीपासून निघणाऱ्या प्रत्येक लिटर इथेनॉलबरोबर क्षारांचा वाटाही वाढतो. अरबस्तानातील तेलविहिरींवरचे अवलंबन कमी करताना आपल्या पाण्याच्या विहिरी गमावणे, हा स्वदेशीचा अर्थ खचित नाही.

आनंदाची गोष्ट अशी, की या समस्येचे उत्तर समस्येच्याच पोटात आहे. भारतात पोटॅशयुक्त खनिजाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होत नाही. म्युरिएट ऑफ पोटॅश आपण परदेशांतून विकत आणतो. दुसरीकडे शेतातून उसाने उचललेले पोटॅश तळ्यांमध्ये साठवून ते विहिरींत झिरपू देतो. स्पेंटवॉश आटवून खास भट्टीत जाळला तर उष्णता मिळते, वीज मिळते आणि मागे राहणाऱ्या राखेत पोटॅश सापडते. त्यापासून केलेल्या खतात साडेचौदा टक्के पोटॅश असते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या खताला अनुदानाच्या योजनेत स्थान दिले आणि जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांनी ते खत कंपन्यांना टनाला ४२६३ रुपये भावाने विकण्याचा दर निश्चित झाला. शेताचे शेताला परत देण्याचा हा मार्ग आहे. मोठ्या आसवनींना ही भट्टी परवडते; लहान कारखान्यांना एकट्याने ती परवडणार नाही, हे मान्य. मग दोन-चार कारखान्यांनी मिळून ती का उभारू नये? सहकाराचा जन्मच एकट्याला न झेपणारे काम एकत्र येऊन करण्यासाठी झाला आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याने या बाबतीत पुढाकार घ्यावा, हे औचित्याला धरून होईल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ याच जिल्ह्यात रोवली गेली. चौंडीला जन्मलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव या जिल्ह्याने २०२४ मध्ये धारण केले आणि २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी देशभर साजरी झाली. अहिल्यादेवींनी भारतभर मंदिरे बांधली, घाट बांधले, तसेच विहिरी आणि बारवाही बांधल्या. वाटसरूला आणि मुक्या जनावराला पाणी मिळावे, ही त्यांच्या राज्यकारभाराची एक खूण होती. त्यांचे नाव लावणाऱ्या भूमीतील प्रत्येक विहीर निर्मळ राहणे, हे कोणत्याही पुतळ्याहून मोठे स्मारक ठरेल.

पाण्याला देवता मानणाऱ्या या समाजाने पाणी दूषित करणे हा केवळ नियमभंग मानला नव्हता. धर्मशास्त्रांनी पाण्यात मलमूत्र व थुंकी टाकणे निषिद्ध ठरवले, तर कौटिल्याच्या अर्थशास्त्राने जलस्थानी घाण करणाऱ्यास दंड सांगितला. धर्म आणि दंड दोन्ही पाण्याच्या रक्षणासाठी उभे होते. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या एकात्म मानव दर्शनात व्यक्ती, समाज आणि सृष्टी यांचे हित परस्परविरोधी मानलेले नाही. सृष्टीचे दोहन करावे, शोषण करू नये, हा विचार त्याच परंपरेतला. गाईचे दूध काढताना वासराचा वाटा राखणारा शेतकरी तो कोणत्याही पुस्तकाशिवाय जाणतो. ‘बिना संस्कार नहीं सहकार’ हे सहकार भारतीचे ब्रीद येथे प्रत्यक्षात उतरले पाहिजे. विकासाला विरोध करून आंदोलने पेटवणाऱ्यांच्या हाती हा विषय द्यायचा नसेल, तर तो समाजानेच आणि कारखानदारांनीच आधी हाती घेतला पाहिजे.

काय करावे, हे अवघड नाही. प्रत्येक तलावाची पातळी रोज मोजून फलकावर लिहावी. भर उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ दिवसाला साधारण एक सेंटिमीटर होते आणि स्पेंटवॉशची त्याहून कमी. पाणी न उपसता पातळी याहून भराभर उतरत असेल, तर उरलेले पाणी जमिनीत जात आहे. एक हेक्टरच्या तळ्यात एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर, हे ध्यानी ठेवावे. तळ्याभोवती सर्व दिशांना निरीक्षण विहिरी असाव्यात आणि नवी आसवनी उभी राहण्यापूर्वी आसपासच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी करून तिची नोंद ग्रामपंचायतीत ठेवावी. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. क्लोराइड आणि जडपणा त्या संचाने गावातच तपासता येतो. पावसाळ्यापूर्वी व नंतर त्यांनी तो तपासावा आणि निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत. विहीर बिघडली तर आपल्यामुळे ती बिघडली नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारखान्यावर असावी आणि तोवर त्या घराला पिण्याचे पाणी कारखान्याने पुरवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वार्षिक अहवालात साखरेच्या पोत्यांशेजारी क्षारांचाही रकाना यावा. मळीतून किती आले, खत होऊन किती गेले, तलावात किती उरले हे त्यात लिहिलेले असावे, आणि बेरीज जुळली नाही तर सभासदाने सर्वसाधारण सभेत उभे राहून त्याचे उत्तर मागावे.

सभासदाला आज उसाच्या भावाबद्दल विचारण्याचा अधिकार आहे आणि तो अधिकार तो हिरिरीने बजावतो. आपल्या विहिरीबद्दल विचारण्याचाही त्याला तेवढाच अधिकार आहे. उसाचा भाव एका हंगामात कमी मिळाला तर पुढच्या हंगामात भरून निघू शकतो. विहिरीत उतरलेले मीठ मात्र नातवंडांच्या काळापर्यंत तेथेच राहू शकते. येत्या सर्वसाधारण सभेत हा प्रश्न प्रत्येक कारखान्यात विचारला जावा आणि संचालक मंडळांनी तो आरोप न समजता आपले कर्तव्य समजून त्याचे उत्तर द्यावे.